अ‍ॅरिझोनाचा राज्य कर बेघरांच्या निवाऱ्याला कसा द्यायचा

फिनिक्स, चँडलर, टेंपीकडे नोकरीला आलेल्या मराठी मंडळींचा घोळ होतो तो ८०जीच्या, म्हणजे भारतातल्या प्राप्तिकरात देणगीवर सवलत देणाऱ्या कलमाच्या, सवयीमुळे. ८०जीत देणगी उत्पन्नातून वजा होते. हजार रुपये दिले तर कर वाचतो फार तर दोन-तीनशे. अ‍ॅरिझोनाचं चॅरिटी क्रेडिट थेट करातून वजा होतं. निवारागृहाला ४०० डॉलर दिले की राज्याचा कर ४०० डॉलरने कमी.

मर्यादा दरवर्षी महागाईनुसार बदलते. २०२५ च्या रिटर्नसाठी ती एकट्या करदात्याला ४९५ आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला ९८७ डॉलर आहे.

आधी संस्था तपासा. प्रत्येक निवारागृह चालत नाही. अ‍ॅरिझोनाच्या महसूल खात्याच्या यादीत ती 'क्वालिफाइंग चॅरिटेबल ऑर्गनायझेशन' म्हणून असावी लागते, आणि त्यासाठी निम्मं तरी बजेट राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या, दीर्घ आजारी किंवा अपंग रहिवाशांवर खर्च व्हावं लागतं. फिनिक्सचं सेंट्रल अ‍ॅरिझोना शेल्टर सर्व्हिसेस या यादीत आहे. यादी वर्षागणिक वेगळी निघते, म्हणून ज्या वर्षाचं क्रेडिट घेणार त्याच वर्षाची उघडा आणि संस्थेचा पाच आकडी कोड उतरवून घ्या. फॉस्टर केअर (घराबाहेर ठेवलेल्या मुलांचा सांभाळ) संस्थांची यादी निराळी, तिचा फॉर्म ३५२ आणि मर्यादाही निराळी. नावं सारखी दिसली की इथेच गफलत होते.

पैसेच द्या. चेक, कार्ड चालेल. ब्लँकेट, कपडे, धान्य द्यायला हरकत नाही, पण त्यावर क्रेडिट नाही. कंपनीने तुमच्या देणगीइतकीच भर घातली तर ती भर तुमच्या नावावर धरू नका.

१ जानेवारी ते १५ एप्रिल २०२६ मध्ये दिलेली देणगी २०२५ च्या रिटर्नमध्ये घ्या किंवा २०२६ च्या, पण दोन्हीकडे नाही. रिटर्नला मुदतवाढ घेतली म्हणून देणगीची तारीख पुढे जात नाही.

आता या क्रेडिटचा फॉर्म ३२१. देणगीची तारीख, कोड, संस्थेचं नाव, रक्कम, एवढंच भरायचं. तिथला आकडा फॉर्म ३०१ वर जातो आणि तिथून मुख्य रिटर्नवर. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त चूक इथे होते: देणगी फेडरल (केंद्राच्या कराच्या) भागात नोंदवली जाते, राज्याच्या भागात कोड टाकायचा राहतो, आणि क्रेडिट शून्य दिसतं. मिळालेल्या क्रेडिटइतक्या रकमेवर फेडरलमध्ये पुन्हा देणगीची वजावट मिळत नाही, हेही धरून चाला.

हे क्रेडिट कर शून्यापर्यंत आणतं, त्याखाली काही परत देत नाही. राज्याचा दर सरसकट २.५ टक्के आहे. म्हणजे ९८७ डॉलर पूर्ण वापरायला करपात्र उत्पन्न ३९,४८० डॉलर हवं. "मला तर रिफंड येतो, मग माझा कर कुठे?" असं बरेच जण म्हणतात. रिफंड बघू नका, रिटर्नवरची एकूण कराची ओळ बघा. पगारातून आधीच कापलेला कर असेल तर क्रेडिटमुळे रिफंड वाढतो.

एकट्या माणसाने ४९५ दिले आणि कर ४०० च निघाला, तर उरलेले ९५ पुढची पाच वर्षं वापरता येतात. मात्र त्यानेच ७०० दिले, तर मर्यादेवरचे २०५ पुढे ओढता येत नाहीत. ती नुसती देणगी.

बहुतेकांना याची आठवण डिसेंबरात नाहीतर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात होते. फिनिक्समध्ये उघड्यावर राहणाऱ्याचा जीव जातो तो मात्र जून ते ऑगस्टच्या उन्हात. जोडप्याने जानेवारीपासून दरमहा ८२ डॉलरची आपोआप देणगी लावली तर वर्षाचे ९८४ होतात, मर्यादेत बसतात आणि उन्हाळ्यातही पोचतात. वर्ष संपलं की पावती बाराही महिन्यांची एकत्र मागून घ्या.