राजीनाम्यावर सही करण्याआधी

एचआरने खोलीत बोलावून ‘आजच राजीनामा द्या’ म्हटलं, तर तिथल्या तिथे सही करू नका. स्वेच्छेने राजीनामा दिल्याची नोंद झाली की नोकरकपातीची भरपाई, म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, मागणं फार अवघड होतं. ती कायद्याच्या ‘कामगार’ व्याख्येत बसणाऱ्यांनाच मिळते. पण हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिलं जातं. ‘विचार करून कळवतो’ म्हणा. त्याच संध्याकाळी वैयक्तिक ईमेलवरून एचआरला लिहा: किती वाजता बोलावलं, कोण हजर होतं, काय म्हणाले. लॅपटॉप कधीही लॉक होतो, म्हणून पगारपत्रकं, नेमणूकपत्र, फॉर्म 16 आधीच उतरवून ठेवा. कंपनीचा सॉफ्टवेअर कोड मात्र अजिबात उतरवू नका, तेवढ्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. दबाव थांबला नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.