शेळ्यांना जंताचं औषध लागू पडेना, तेव्हा

पुण्याजवळ मुळशीत आमच्या अकरा शेळ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात फेनबेंडाझोल पाजूनही दोघींच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, जबड्याखाली पाण्याची सूज; जंत रक्त पीत असल्याची ही खूण. फार जीव तुटायचा.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. वर पाणी, तळाला दाट पांढरा साका. हे औषध पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण नुसते तरंगत असतात. म्हणजे पहिल्या शेळ्यांना निव्वळ पाणीच मिळालं होतं! कण जितके बारीक, तितकं ते रक्तात जास्त उतरतं. शिवाय ते कोठीपोटात, म्हणजे शेळीच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, पडायला हवं. तिथून सावकाश पुढे सरकतं, म्हणून जास्त वेळ काम करतं. तोंडात पुढेच ओतलं तर कधी कधी थेट चौथ्या कप्प्यात जातं आणि लवकर निघून जातं.

या वेळी वजन करून मात्रा ठरवली. दर पिचकारीआधी बाटली खळखळून हलवली, जिभेच्या मुळाशी हळूहळू सोडलं. आदल्या संध्याकाळी चारा कमी दिला. त्यामुळे पोट सावकाश चालतं, औषध जास्त शोषलं जातं. गाभण आणि अशक्त शेळ्यांना मात्र उपाशी ठेवलं नाही.

चौदाव्या दिवशी लेंड्या तपासल्या, जंतांची अंडी जवळजवळ नव्हतीच. सूजही उतरली होती.