नव्या मशीनवर सिस्टीमच बदलताय? आधी या चुका टाळा

दिवाळी, मार्चअखेर आणि बारावीचा निकाल. वर्षातून या तीन वेळेला परभणीतल्या माझ्या दुकानात एकच प्रश्न फिरून फिरून येतो. “नवीन लॅपटॉप घ्यायलोय. विंडोजच ठेवू का मॅक घेऊ? का लिनक्स टाकून देता?” विचारणाऱ्याच्या मोबाइलवर किंमत उघडलेली असते, रंगसुद्धा ठरलेला असतो. काम काय करणार म्हणून विचारलं की उत्तर येतं, “सगळंच.”

सगळंच असं काही नसतं. सात-बारा काढणं, महाडीबीटीचा फॉर्म, मेल, बँक, यूट्यूब ही ब्राउझरची कामं झाली, ती कुठल्याही सिस्टीमवर होतात, मग ती विंडोज असो, मॅक असो की फुकट मिळणारं लिनक्स. पण जवळजवळ प्रत्येकाकडे एखादं हट्टी काम असतं. ते एकाच सिस्टीमवर चालतं आणि दुसरीकडे नेलं की अडून बसतं. सिस्टीम ठरवायची ती त्या एका हट्टी कामावरून. लोक नेमकं ते सोडून बाकी सगळं बघतात. वीस वर्षं मी हे निस्तरतोय, म्हणून आता एकदाच लिहून काढतो.

हट्टी काम न ओळखताच मशीन घेणं

सेलूकडचे एक प्रेसवाले काका आहेत. लग्नपत्रिका, वास्तुशांत, निवडणुकीची हँडबिलं असं त्यांचं काम. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने मोठ्या हौसेने वडिलांसाठी मॅकबुक घेतलं आणि जुना कॉम्प्युटर एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. देण्याआधी सगळ्या फाइली एका हार्ड डिस्कवर घेतल्या होत्या, म्हणजे त्याच्या हिशेबाने काळजी घेतली होती. तुळशीचं लग्न झालं, ऑर्डरी सुरू झाल्या आणि काकांचा फोन आला. “काहीच उघडंना गेलंय बघ. अन् जे उघडलं ते काय दाखवायलंय कळंना.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो. पेजमेकर म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर. त्याच्या फाइली उघडतच नव्हत्या, आणि उघडणारही नव्हत्या. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. आजच्या मॅकवर ती चालत नाही. वर्डमधल्या फाइली उघडल्या, पण ‘चि. सौ. कां.’ असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम आणि डोक्यावर टिंबं असलेली कुठली कुठली परदेशी अक्षरं. काका चष्मा वर करून त्या पडद्याकडे बघत होते. वीस वर्षांच्या पत्रिका त्यात होत्या. एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या दोन्ही लेकींच्या पत्रिका त्यांच्याकडे असायच्या, जुनी उघडायची, नावं-तारखा बदलायच्या, अर्ध्या तासात प्रूफ.

हे का झालं ते समजून घ्या, कारण डीटीपीवाले, शाळांचे क्लार्क, वकिलांचे टायपिस्ट सगळे इथेच अडकतात. जुने मराठी फाँट युनिकोडचे नव्हते, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे चालणारा ठरलेला कोड त्यात नव्हता. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवलेले असतात, फाँट त्यांना मराठीचा अंगरखा घालतो. फाँट नसला की अंगरखा उतरतो. मी काकांचे फाँट मॅकमध्ये टाकले, तेव्हा वर्डमधला जुना मजकूर बऱ्यापैकी दिसायला लागला. पण नवीन अक्षर टाइप होईना. टाइप करून देणारं सॉफ्टवेअर विंडोजचं, आणि ते चालायला कॉम्प्युटरच्या मागे लावायचं एक लॉक, पेनड्राइव्हएवढं. ते लॉक लावायला नव्या मॅकबुकला साधं यूएसबीचं तोंडच नाही, सगळं टाइप-सी. जोड मागवला, लावला, तरी काही हललं नाही.

मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता, “त्यातच विंडोज टाका ना.” पूर्वी ॲपलच्याच बूट कॅम्प या सोयीने मॅकवर विंडोज टाकता यायचं. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले आणि त्या चिपवर बूट कॅम्प चालत नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमधून विंडोज चालतं, पण ते एआरएम जातीचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या चिपसाठी बनवलेलं विंडोज. साधे प्रोग्रॅम त्यात चालून जातात. लॉकचे, टोकनचे, जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्यात बसत नाहीत. म्हणजे नेमकं जे हवं होतं तेच नाही.

शेवटी दुकानातला एक जुना आय-थ्री डेस्कटॉप विंडोज टाकून काकांना नेऊन दिला. तोवर नऊ दिवस गेले होते आणि दोन ऑर्डरी जिंतूरला निघून गेल्या होत्या. मग हळूहळू जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला. इथेही घाई करायची नाही. जुन्या फाँटमध्ये ‘किती’ टाइप करताना आधी वेलांटी येते आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ही अदलाबदल आणि रफार, दोन्ही ठिकाणी कन्व्हर्टर चुकतो. ‘सूर्यवंशी’चा रफार शेजारच्या अक्षरावर गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. आडनाव चुकलेली पत्रिका कोण वाटणार? म्हणून ओळ न् ओळ वाचूनच पुढे जायचं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे आणि मी ती गिऱ्हाइकालाही लावतो. मशीन घ्यायच्या आधी कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवा. ज्या प्रोग्रॅमला हात लावाल तो लिहा, यूएसबीत जे खुपसाल ते लिहा. आठ दिवस तरी, आणि जीएसटी भरत असाल तर रिटर्न भरायचे दिवस त्यात यायलाच हवेत. लोक म्हणतात, “एवढं कशाला, मला माहितीय की.” माहिती नसतं. डिजिटल सहीचं टोकन महिन्यातून एकदाच लागतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

वहीत हिशेबाचं टॅली प्राइम आलं तर विंडोज घ्या, विषय संपला. ते विंडोजचंच सॉफ्टवेअर आहे. सिव्हिल-मेकॅनिकलच्या पोरांनो, सॉलिडवर्क्स, रेव्हिट, स्टॅड प्रो ही विंडोजची आहेत. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण तेवढ्यावर हुरळू नका. जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी इन्स्टिट्यूटमध्ये जी सिस्टीम आणि जो कीबोर्ड आहे तोच घरी ठेवावा. सेवा केंद्र चालवत असाल तर बोटाच्या ठशाच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते यंत्र आधारला जोडणारा प्रोग्रॅम, तुमच्या नव्या सिस्टीमसाठी निघते का, हे यंत्र देणाऱ्याला आधी विचारा. आणि वहीत नुसता ब्राउझर, मेल, थोडं ऑफिसचं काम असेल, तर तुम्ही मोकळे आहात. मॅक घ्या, लिनक्स घ्या, मजेत राहाल.

प्रिंटर विसरणं

स्वस्तातले बरेच लेझर प्रिंटर स्वतः काही करत नाहीत, पान मांडायचं सगळं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. त्या मॉडेलचा ड्रायव्हर नव्या सिस्टीमसाठी नसेल तर तो प्रिंटर म्हणजे टेबलावरचं वजन. खरेदीआधी मॉडेल नंबर लिहून कंपनीच्या साइटवर बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

‘विंडोज दहा बंद झालं’ म्हणून घाबरून धावणं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मशीन बंद पडलं नाही, सुरक्षेचे मोफत अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी जास्तीचे अपडेट नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली कुलपाच्या चाव्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तो नसला तर यूट्यूबवरचे जुगाड करून ११ बसवतात. मी बसवून देत नाही. पुढचे अपडेट येतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग मी कुठून देऊ?

अशा जुन्या मशीनवर हट्टी काम नसेल तर एसएसडी, म्हणजे जलद डिस्क, टाकून लिनक्सचा मिंट हा सोपा प्रकार बसवा. पण बसवायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं सुरू होतं, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वायफाय धरतंय का, आवाज येतोय का, प्रिंट निघतेय का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, एवढं दोन दिवस बघा. मराठीची काळजी नको. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणी, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे आहे. एकदा शिकलात की सिस्टीम बदलली तरी बोटं तीच राहतात. जे फोनेटिकवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करण्यावर, अडून बसतात त्यांना मी दर वेळी हेच सांगतो.

चावी हातात नसताना कुलपाशी खेळणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण तिथे माणूस हळहळण्यापलीकडे काही करू शकत नाही.

गंगाखेडचा एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नवा लॅपटॉप, विंडोज ११. प्रोग्रॅमिंगला लिनक्स हवं म्हणून शेजारी शेजारी दोन्ही टाकायचं त्याने ठरवलं. एक व्हिडिओ बघितला, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट ही सुरक्षेची तपासणी बंद केली. पुढच्या वेळी निळा पडदा आला, ४८ आकडी रिकव्हरी की टाका म्हणून. इथवर काही बिघडलं नव्हतं. सिक्युअर बूट परत चालू केलं असतं तर बहुतेक वेळा विंडोज निमूट उघडतं. पण त्याला धीर धरवला नाही. बायोसमध्ये दिसेल ते दाबत गेला आणि ‘टीपीएम क्लिअर’ करून बसला. आता त्या कीशिवाय काही उघडणार नव्हतं.

आजकाल बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. डिस्क कुलूपबंद होते, चावी, म्हणजे तीच ४८ आकडी की, त्या खात्यात जाऊन बसते. चांगली सोय आहे, चोरी झाली तर डेटा वाचतो. पण खातं कुणाचं? ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला तिथल्या पोराने विकताना पटकन एक खातं उघडून दिलं होतं, स्वतःच्या कुठल्यातरी नंबरवर. ते पोरगं दुकान सोडून गेलेलं, नंबर बंद. मुलगा माझ्यासमोर स्टुलावर बसून होता, हातात लॅपटॉपचं बिल. त्यावर मशीनचा सीरियल नंबर होता, वॉरंटीचा शिक्का होता, पण खात्याचा मेल आयडी कुठेच नव्हता. प्रोजेक्टचा कोड, सहा महिन्यांचं काम, सगळं आत. मी त्याला खोटी आशा दाखवली नाही. ती डिस्क फोडता येत नाही, आणि ‘फोडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. गाइडला मेलवर पाठवलेला जुना रिपोर्ट तेवढा मिळाला, कोड त्याने पुन्हा लिहिला.

म्हणून नवं मशीन माझ्या टेबलावर आलं की पहिलं काम हे. खातं गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या मेलवर, पासवर्ड त्यानेच टाकायचा, मी तोंड फिरवतो. मग त्या खात्याच्या साइटवरून रिकव्हरी की काढून कागदावर छापतो आणि बिलाच्या पिशवीत ठेवतो. लिनक्स टाकायचंच असेल तर सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन आधी बंद करतो, पूर्ण उलगडेपर्यंत थांबतो, आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वाटणीला, हात लावत नाही. नवशिक्याने एकाच डिस्कवर दोन सिस्टीम घालूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर वेगळी एसएसडी टाका, नाहीतर जुन्या मशीनवर लिनक्स शिका.

डॉसवाला लॅपटॉप घेऊन चोरीचं विंडोज टाकणं

काही हजार वाचतात म्हणून फ्री डॉसचा, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप घेतात आणि मग “विंडोज टाकून द्या” म्हणतात. म्हणजे लायसन्स नसताना चोरून चालू करणाऱ्या ॲक्टिव्हेटर प्रोग्रॅमवालं. तो ॲक्टिव्हेटर सुरुवातीलाच अँटीव्हायरस बंद करायला लावतो. ज्या मशीनवर तुमच्या डिजिटल सहीचं टोकन लागणार, दुकानाचं बँक खातं उघडणार, त्यावर अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम तुम्ही स्वतःच्या हाताने दार उघडून आत घेता. लिनक्स वापरणार असाल तर डॉसवाला उत्तम सौदा आहे. विंडोज वापरणार असाल तर विंडोजसकटच घ्या. त्याचं लायसन्स मदरबोर्डमध्येच असतं. पुढे कधी लिनक्स टाकलं आणि परत यावंसं वाटलं, तर तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाका, आपोआप ॲक्टिव्हेट होते.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट पेनड्राइव्हवर घेऊन ‘बॅकअप झाला’ समजू नका, तो नुसता रस्ता असतो, घर नव्हे. मॅकला एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, हार्ड डिस्क लावली तर वाचता येते, लिहिता येत नाही. दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये करा, अर्थात आधी रिकामी करून. मॅकबुकची रॅम नंतर वाढत नाही, घेतानाच विचार करा. मॅकबुक एअरला पंखा नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा पत्र्याच्या दुकानात व्हिडिओ एडिटिंगला लावलं तर ते संथ होणारच. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते घेण्याआधी विचारा, पडदा फुटल्यावर नव्हे. आणि सिस्टीम टाकताना लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. वीज कधी जाईल याचा आमच्याकडे नेम नाही.

जुनं मशीन त्याच दिवशी एक्सचेंजमध्ये देऊ नका. दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून लोक देतात. मी तीन महिने ठेवायला लावतो, एक मार्चअखेर किंवा एक लग्नसराई त्यात जाऊ द्यायची. काकांचा तो आय-थ्री अजून प्रेसमध्ये टेबलाखाली चालू आहे. शेजारी मॅकबुकही आहे, रंगीत कामं त्यावर होतात. लॉक मात्र डेस्कटॉपच्या मागेच लावलेलं आहे, वर चिकटपट्टी मारून, कुणी चुकून काढू नये म्हणून.