काउंटरवर कन्नड बोलताना घसा कोरडा पडतो? ही भीती पायरी पायरीनं कशी घालवायची

खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं मराठी शाळेत दहावी करून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात येणाऱ्या पोरांचं एक दुखणं मी बरीच वर्षं बघतेय. कन्नड लिहायला येतंय, वाचायला येतंय, दहावीला त्यात मार्कपण चांगले असतात, पण ऑफिसच्या खिडकीत कुणी 'एन बेकु?' (काय पाहिजे?) एवढं विचारलं की तोंडातनं शब्द निघत नाही, हाताला घाम सुटतो आणि पोरगी मागं वळून सोबतच्या मैत्रिणीकडं बघते. माझ्या भावाची मुलगी जांबोटीच्या बाजूनं माझ्याकडं राहायला आली तेव्हा तिचं अगदी हेच व्हायचं. घरातले सगळे म्हणायचे भाषा कच्ची आहे, क्लास लावा. मला ते पटत नव्हतं, कारण घरी माझ्याशी ती बऱ्यापैकी कन्नड बोलायची. कच्ची भाषा नव्हती, भीती शिकलेली होती, आणि शिकलेली भीती कशी सैल करायची यावर मानसशास्त्रातल्या लोकांनी शंभर वर्षं काम केलंय. त्यातलं आम्हाला जे उपयोगी पडलं ते सांगते, घरी करून बघण्यासारखं आहे.

आधी भीती शिकली कशी जाते ते बघा. 1920 साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या जेमतेम अकरा महिन्यांच्या बाळापुढं पांढरा उंदीर ठेवला, आणि बाळानं हात लावला की मागं लोखंडी दांड्यावर हातोडा मारून मोठ्ठा आवाज काढायचा असं पुन्हा पुन्हा केलं. पोर उंदराला तर घाबरायला लागलंच, सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालापण घाबरायला लागलं. आणि त्याची ती भीती काढायचं काम मात्र कुणी केलं नाही, हे वाचलं की मला अजून राग येतो. आपल्या पोरांचंपण असंच होतं, वर्गात एकदा चुकीचं बोललं आणि पोरं हसली की भीती त्या एका वर्गापुरती राहत नाही, खिडकी, फोन, कंडक्टर, लायब्ररी, सगळीकडं पसरते.

पण पसरलेली भीती टिकून का राहते? हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. 1947 मध्ये मौरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सांगितलं की भीती एका रीतीनं शिकली जाते आणि टाळाटाळ दुसऱ्या रीतीनं. काउंटरजवळ गेलं की छातीत धडधड, तिथनं मागं फिरलं की हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं हेच बक्षीस होऊन बसतं, म्हणून पुढच्या वेळी पाय आपोआप मागं फिरतात. शिवाय मागं फिरल्यामुळं खरंच काय झालं असतं ते कधी कळतच नाही. मी पहिले दोन महिने तिच्यासोबत प्रत्येक ऑफिसात जायची आणि तिच्या वतीनं बोलायची, मायेनंच जायची, पण त्यानं भीती जपली जात होती हे मला उशिरा समजलं.

आता करायचं काय ते.

एक साधी वही घ्या. तिच्यात पोरानं स्वतःच्या हातानं लिहायचं, कुठं कुठं बोलायला भीती वाटते, आणि प्रत्येकापुढं 0 ते 100 मध्ये आकडा टाकायचा, 0 म्हणजे काहीच नाही, 100 म्हणजे पळून जावंसं वाटतं. ही आकड्याची पद्धत जोसेफ वोल्पे यांची, 1958 च्या पुस्तकात पायरी पायरीनं भीती कमी करायची रीत मांडणारे तेच. आकडा आईबापानं टाकायचा नाही. आम्हाला सोपं वाटतंय ते पोराला डोंगर असू शकतं. मला वाटलेलं ऑफिसची खिडकी सगळ्यात वर असेल, तर भाचीनं फोनवर कन्नड बोलण्याला 95 दिले, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. आकडे कमीपासून जास्तीकडं ओळीनं लावले की शिडी तयार होते, ती खालनं चढायची. तिची साधारण अशी झाली: बसमध्ये कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगणं 20, भाजीवालीला 'एष्टु री?' (किती?) विचारणं 30, सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडवर, 'बैलहोंगल बस एल्लि री?' (बस कुठं आहे?) विचारणं 45, कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक मागणं 60, ऑफिसात बोनाफाइड मागणं 80, वर्गात उभं राहून उत्तर देणं 85, आणि मग तो फोन.

पायऱ्या लहान ठेवा. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीन वर्षांच्या आतल्या मुलाची सशाची भीती काढली ती अशीच. सुरुवातीला पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठंही असला तरी पीटर घाबरायचा, मग पिंजरा बारा फुटांवर चालायला लागला, मग चार, मग तीन, मग अगदी जवळ, मग मोकळा ससा, आणि शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू द्यायला लागला. त्याला आवडीचं खाणं देत देत ससा जवळ आणायचा असा बेत होता. जोन्स यांनीच बजावलंय की हे हलगर्जीपणानं केलं तर उलटं होऊन खाण्याचीच भीती बसू शकते. म्हणून 'एकदा ढकला पाण्यात, पोहायला येईल' असं म्हणणाऱ्या मामाकाकांचं ऐकू नका. कुंद्याचं, आपल्या बेळगावच्या मिठाईचं, आमिष दाखवून थेट साहेबापुढं उभं करायचं तर अजिबातच नाही.

बेळगावात एक अडचण आहे ती इथल्या माणसालाच कळेल. गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात तुम्ही कन्नडमध्ये जरा अडखळलात की समोरचा लगेच मराठीवर येतो. चांगुलपणानंच येतो तो, पण सरावाची वाट लागते. तर सुरुवातीच्या पायरीला चालतंय, नंतर मात्र मराठी न येणारी माणसं शोधायची. सीबीटीवर बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या बसपाशी भरपूर सापडतात. नाहीतर दुकानदाराला आधीच सांगायचं, 'कन्नड कलितिद्दीनि री', कन्नड शिकतेय म्हणून. लोक खूश होतात, हे खरं सांगते. आणि दोन वाक्यं पाठ करून ठेवायची, 'निधान हेळ्रि' म्हणजे सावकाश सांगा आणि 'इन्नॊम्मे हेळ्रि' म्हणजे परत एकदा सांगा. कंडक्टरचं म्हणाल तर 2023 च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत मुलींना शून्य तिकीट, म्हणजे फुकट प्रवास, असतो, आधार कार्ड दाखवून गप्प बसायची सवय लागते, तसं करायचं नाही, स्टॉपचं नाव तोंडानं सांगायचं.

आता वहीतला सगळ्यात कामाचा भाग, माझ्या मते तरी. प्रत्येक वेळी जायच्या आधी एक ओळ लिहायची: काय वाईट होईल असं वाटतंय. 'भीती वाटते' एवढंच लिहून चालणार नाही, नेमकं पाहिजे. भाचीनं लायब्ररीच्या वेळी लिहिलेलं, 'मी चुकीचं बोलेन, ते ओरडतील, मागची पोरं हसतील.' परत आल्यावर खाली लिहायचं खरंच काय झालं. तिथं लिहिलं होतं, 'दोनदा एनु (काय) म्हणाले. मग पुस्तक दिलं. मागं कोणच नव्हतं.' कॅलिफोर्नियातल्या मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरच भर दिलाय. भीतीचा आकडा तिथल्या तिथं खाली येतो का याच्यापेक्षा, जे होईल वाटलेलं ते झालं नाही हा धक्का डोक्याला बसतो का, हे बघायचं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवीन शिकणं बसतं आणि ते हळूहळू वरचढ होतं. म्हणून हात थरथरले, आवाज बारीक झाला तरी बिघडत नाही. 'आत्ती, मी थरथरत होते पण मागितलं' असं ती म्हणाली तो दिवस पास धरायचा.

आधाराच्या कुबड्या एकेक करून काढायच्या. मैत्रीण सोबत, तळहातावर लिहिलेलं वाक्य, कानाला खोटाच फोन, पटकन इंग्लिशमध्ये बोलून टाकणं, हे सगळं असलं की पोराला वाटतं यामुळंच वाचलो. पहिल्या एक दोन वेळा मैत्रीण शेजारी, मग दारात, मग गेटच्या बाहेर, मग घरी.

जागा आणि माणसं बदलत राहा. व्हर्मांट विद्यापीठाच्या मार्क बाउटन यांनी दाखवलंय की भीती एका जागी ओसरली तरी जागा बदलली की परत डोकं वर काढते. एकाच झेरॉक्सवाल्याशी वीस वेळा बोलण्यापेक्षा शहापूर, टिळकवाडी, वडगाव असं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळेला, गर्दीत आणि गर्दी नसताना बोललेलं बरं.

मोठ्यांनी स्वतःकडंपण बघावं. सुसान मिनेका यांच्या 1980 च्या दशकातल्या प्रयोगात साप कधीच न बघितलेली, प्रयोगशाळेत वाढलेली माकडं दुसरी माकडं सापाला घाबरताना नुसती बघून सापाला घाबरायला शिकली. पोरासमोर 'त्या ऑफिसात नको बाई, ते कन्नडच बोलतात' असं आपण म्हटलं की शिकवणी झालीच. आपलं कन्नड मोडकं असलं तरी पोरासमोर ते मोडकंच बोलावं, चुकावं, हसून परत विचारावं.

मध्ये एखादा दिवस वाईट जातो. एका ऑफिसात एक माणूस खरंच तिच्यावर खेकसला, सगळ्यांसमोर, कन्नड नीट येत नाही तर आलीस कशाला म्हणून. संध्याकाळी ती जेवली नाही. मला फार वाईट वाटलं, तिला मी सांगितलं की चूक त्याची होती, आणि तेच खरं होतं. पीटरचंपण असं झालेलं, मध्ये तो आजारी पडून दवाखान्यात गेला, तिथनं निघताना मोठा कुत्रा अंगावर आला आणि सशाची भीती परत आली. जोन्स यांनी पुन्हा सुरुवात केली आणि ती गेली. आम्ही दोन पायऱ्या खाली आलो, दुसऱ्या दिवशी नुसती भाजी आणि बस, आठवड्यानं त्याच ऑफिसात दुसऱ्या खिडकीवर. जास्त दिवस मध्ये सोडू नका.

हे घरचं काम कुठपर्यंत, तेपण सांगते. पोरगं आठवडेच्या आठवडे कॉलेजला जात नसेल, झोप आणि जेवण तुटलं असेल, श्वास कोंडून जीव जाईल असं वारंवार वाटत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडं जा. धारवाडला डिमहान्स हा मनाच्या आजारांचा सरकारी दवाखाना आहे, आणि टेलिमानसचा 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन फुकट आहे. यात लाज कसली? ताप आला की जातोच की आपण.

शिडी संपली म्हणून वही ठेवून द्यायची नाही. रोज, मग दोन दिवसाआड, मग आठवड्यानं एकदा, असं अंतर वाढवत मुद्दाम बोलत राहायचं, कारण नुसते दिवस मध्ये गेले तरी विझलेली भीती थोडी परत येते, रशियातल्या पाव्हलोव यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगात, तिथं भीती नव्हे तर लाळ सुटणं होतं, असंच परत येताना बघितलेलं. दिवाळीची सुट्टी गावाकडं काढून भाची परत आली तेव्हा सीबीटीवर पहिल्याच दिवशी तिचा घसा कोरडा पडला. घरी येऊन तिनं काही न बोलता वही काढली, भाजीवालीच्या पायरीवर बोट ठेवलं आणि पिशवी घेऊन बाहेर पडली. त्या आठवड्याच्या शेवटी वहीत लिहिलंय, 'हॉस्टेलच्या मॅडमना फोन केला. काय होईल वाटलेलं: समजणार नाही, ठेवून देतील. काय झालं: सात मिनिटं बोलले.'