समुद्रतळाचा गाळनकाशा: सराव गिरणेच्या पात्रात

खानदेशापासून समुद्र दूर असला, तरी मुलताईला उगम पावणारी ७२४ किलोमीटर लांबीची तापी भुसावळवरून खंबातच्या आखातालाच मिळते, त्यामुळे तेथील तळावरच्या गाळाचा काही हिस्सा आपल्याच काळ्या कातळाचा आहे. म्हणून गाळनकाशा, म्हणजे तळावर कुठे वाळू, कुठे चिखल आणि कुठे खडक आहे हे दाखवणारा नकाशा, शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने जहाजाची वाट न पाहता गिरणेच्या किंवा तापीच्या पात्रात सुरुवात करावी.

पाणी उतरल्यावर धारेपासून काठापर्यंत आडवी रेघ धरून आठ-दहा ठिकाणी वरच्या ५ सेंटिमीटरांतला अर्धा अर्धा किलो नमुना घ्यावा आणि अक्षांश-रेखांश जागीच लिहावेत. वाळू उपशाचे खड्डे टाळावेत; तेथे नदीने लावलेला थर उरलेला नसतो.

नमुना वाळवण्याआधी ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवावा, कारण चिकणमाती वाळली की तिची ढेकळे वाळूच्या कणांसारखी चाळणीवर अडकतात. वर राहिलेली वाळू वाळवून २ व १ मिलिमीटर, मग ५००, २५० आणि १२५ मायक्रॉनच्या चाळण्यांतून पाडून तोलावी. खाली उतरलेला पोयटा आणि चिकणमाती उंच नळकांड्यात ढवळून ठरावीक वेळी पिपेटने काढतात. येथे खानदेशी उन्हाळा घात करतो: २० अंश तापमानाच्या पाण्यात ४ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे दोन तास घेतो, तर ३५ अंशांच्या पाण्यात तो दीड तासातच तेवढा खाली जातो. पाण्याचे तापमान न लिहिलेली नोंद मी तरी फेकून देईन.

समुद्रावर नमुना ग्रॅबने, म्हणजे तळावरचा गाळ पकडून वर आणणाऱ्या जबड्यासारख्या साधनाने, काढतात आणि दोन नमुन्यांमधली जागा तळाकडे सोडलेल्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भरतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्याने ०.०४ सेकंदात परतलेला प्रतिध्वनी ३० मीटर खोली सांगतो. जाड वाळू आणि खडक जोरदार प्रतिध्वनी देतात, मऊ चिखल क्षीण देतो. मात्र चिखलावर शिंपले पसरले असले तरी तो जोरदारच येतो. म्हणून प्रतिध्वनीच्या चित्रातली छटा बदलली एवढ्यावरून सीमा आखू नये, दोन्ही बाजूंना ग्रॅब टाकावा. नमुन्यातले शिंपल्यांचे तुकडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतात, कातळाचे कण उरतात.

असा नकाशा समुद्रातल्या पवनचक्कीसाठी हवा असेल, तर तिचा खांब तळाखाली कित्येक मीटर उतरतो, तेव्हा ग्रॅबचा वरवरचा गाळ त्याला पुरत नाही. कोअर, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेला उभा नमुना, आणि तळाखालचे थर दाखवणारी ध्वनिरेषाही लागते.

उकाई धरण १९७२ पासून तापीचा बराचसा गाळ अडवत आहे. त्यामुळे मुखाजवळच्या वाळूच्या त्याआधीच्या सीमा नव्या नकाशावर घ्यायच्याच झाल्या, तर तुटक रेषेने आणि सर्वेक्षणाचे वर्ष लिहूनच घ्याव्यात.