बालकादंबरीतील नायकाचा बदल पटत नाही? या चुका टाळा

बालकादंबरीच्या हस्तलिखितात शेवटच्या प्रकरणात नायक सुधारलेला दिसतो, पण तो केव्हा आणि कशामुळे सुधारला हे मागची पाने चाळूनही सापडत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दोष बहुधा शेवटात नसून मधल्या प्रकरणांत असतो, त्यामुळे शेवट कितीही वेळा नव्याने लिहिला तरी तो पटत नाही.

उदाहरणादाखल एक कथानक घेऊ. नागपूरच्या महाल भागातील दहा वर्षांचा मनू तान्हा पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल मिरवतात त्या सणासाठी, शेजारच्या मावशींचा जुना, कोरीव लाकडी बैल मागून आणतो. बोजाऱ्यासाठी, म्हणजे बैल दाखवून मिळणाऱ्या पैशांसाठी, घरोघरी फिरताना बैलाचे शिंग तुटते आणि मनू त्याचे खापर धाकट्या बहिणीवर फोडतो. कादंबरी संपेपर्यंत त्याने खरे सांगावे, अशी लेखकाची इच्छा आहे.

पहिली चूक म्हणजे येथे आजोबांना आणणे. ते दोन पाने उपदेश करतात, मनूचे डोळे पाणावतात आणि तो शहाणा होतो. उपदेश कोठे सुरू होतो हे वाचणाऱ्या मुलांना अचूक कळते आणि ती पाने मुले सरळ ओलांडतात. तान्हा पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे वाईटाचे प्रतीक असलेल्या पुतळ्याची, मिरवणूक निघते आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो. पात्राचा दोष मात्र असा एका दमात शहराबाहेर धाडता येत नाही. आजोबा कथेत खुशाल असावेत, पण निर्णय मनूने एकट्याने घेतला पाहिजे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती लेखकाच्या लक्षातच येत नाही. मधली प्रकरणे प्रसंगांनी भरलेली असतात, पण खरे बोलण्याची वेळ मनूवर पुन्हा येतच नाही. ती निदान तीनदा यावी आणि दर वेळी त्याचे वागणे थोडे वेगळे असावे. शिंग तुटताच तो बेधडक खोटे बोलतो. पुढे मावशी बहिणीला अंगणात येऊ देत नाहीत, हे पाहून तो आपल्या बोजाऱ्यातले पैसे तिच्या हातावर ठेवतो, पण तोंड उघडत नाही. त्यानंतर कधीतरी तो म्हणतो, ‘बैल आम्हा दोघांच्याही हातात होता.’ हे अर्धे सत्य कादंबरीचा कणा आहे, आणि नायक त्यात भित्रा दिसतो म्हणून लेखक नेमके तेच कापून टाकतात! आपल्या हस्तलिखितात ही चूक आहे का, हे पाहण्यासाठी मधल्या दोन प्रकरणांची अदलाबदल करावी. काहीच बिघडले नाही, तर बदल कागदावर उतरलेलाच नाही.

खरे सांगताच मावशींनी मनूला जवळ घेऊन तोच बैल भेट देणे, हीही घाईच होय. खरे बोलण्याची काही किंमत त्याला मोजावी लागली पाहिजे. पुढच्या वर्षी बैल मिळणार नाही, एवढी पुरे. काळही फार लागत नाही. पोळ्याच्या श्रावण अमावास्येपासून दिवाळीच्या आश्विन अमावास्येपर्यंतचे दोन महिने अशा कथेला पुरतात.

निवेदक कोण, हेही आधी ठरवावे. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्ये मोठा झालेला श्याम आपले बालपण सांगतो, म्हणून त्याला स्वतःच्या चुकांकडे दुरून पाहता येते; दहा वर्षांचा मनू स्वतः निवेदक असेल, तर ती समज त्याच्या तोंडी घालता येणार नाही. फास्टर फेणेसारख्या मालिकेतील नायकाला मात्र हा नियम लागू नाही, कारण तो पुढच्या पुस्तकातही तसाच भेटावा, हीच वाचकांची अपेक्षा असते.

भाषेची चूक वरवर किरकोळ वाटते. पहिल्या पानावर ‘काय करून राहिला बे?’ असे विचारणारा मनू सुधारल्यावर पाठ्यपुस्तकातील मराठी बोलू लागला, तर लेखकाने नकळत त्याची बोलीही दोषांत जमा केलेली असते. ‘मावशी, शिंग माह्या हातून तुटलं’ असेच त्याला म्हणू द्यावे.