रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटतंय?

पावसाआधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून रेक्झिन आणलं, स्कूटरच्या सीटला कव्हर शिवायला बसले, तर ते शिलाई मशीनच्या पायाला, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरतो त्या भागाला, चिकटून पुढेच सरकेना. टाके सगळे एकावर एक. टेफ्लॉनचा पाय मिळतो, पण एका कव्हरसाठी कोण आणतंय!

१. पायाच्या तळाला मास्किंग टेप लावा. सुई जाते ती खाच मोकळी ठेवा.
२. सुई १६ नंबरची, टाका ४ मिलिमीटरचा. बारीक टाका घातला की रेक्झिन तिकिटासारखं फाटतं.
३. तरी अडलंच, तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, मग हलकेच ओढून काढा.

टाचण्या मात्र नकोत, कपड्यांचे चिमटे लावा. रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून आधी तुकड्यावर शिवून बघा.